दुष्ट कड्यावरून का पडतात?

राणी तळघरात उतरते, मंत्रांची पोथी उघडते आणि स्वतःला कुरूप करण्याचं औषध बनवायला घेते. अंगावर म्हातारपण यावं म्हणून ममीची भुकटी, राजवस्त्रं काळी पडावीत म्हणून रात्रीचा काळोख, आवाज फाटावा म्हणून थेरडीचं खिदळणं, केस पिकावेत म्हणून भीतीची किंकाळी. पेला ओठाला लावते, गळा धरते, पेला हातातून निसटतो, खोली गरगर फिरू लागते. काळेभोर केस बघता बघता पांढरे होतात, बोटं वाकडी होतात, नखं पुढे येतात. वॉल्ट डिस्नेचा ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’, म्हणजे आपली हिमगौरी आणि सात बुटके, २१ डिसेंबर १९३७ ला लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. ब्रिटनच्या सेन्सॉरनं तो मुलांनी मोठ्या माणसांबरोबरच पाहावा असं ठरवलं. तळघरातला हा प्रसंग आज पाहिला तरी त्या सेन्सॉरला हसावंसं वाटत नाही.

परीकथांवरच्या ॲनिमेशनपटांविषयी एक तक्रार कायमची आहे. गोरंगोमटं ते चांगलं आणि वेडंविद्रं ते वाईट, असं हे सिनेमे पोरांच्या मनावर ठसवतात, अशी ती तक्रार. तीत तथ्य पुष्कळ आहे. पण डिस्नेच्या या पहिल्याच मोठ्या चित्रपटाला ती पुरती लागू पडत नाही. राणी देखणी आहे, एक मुलगी सोडली तर राज्यात तिच्याइतकं देखणं कुणी नाही. कुरूपपणा हे तिनं मुद्दाम घेतलेलं सोंग आहे. स्टुडिओनं हे एकच पात्र दोघांत वाटून दिलं होतं. राणी रेखाटली आर्ट बॅबिटनं, चेटकीण नॉर्मन फर्ग्युसननं, आणि आवाज दोघींना एकाच नटीचा, ल्यूसिल ला व्हर्नचा. सुंदर बाईच्या आत काय शिजतंय हे दाखवायला तिला आधी विद्रूप करावं लागलं, ही चित्रकलेची गरज होती. माध्यम डोळ्यांचं, त्यामुळे मनातलं काळंबेरं कुठे तरी कातडीवर आणावंच लागतं.

म्हणून चेहऱ्यांचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा या चित्रपटांमधले शेवट मला जास्त बोलके वाटतात. दुष्टाला कोण संपवतं, कशानं संपवतं, आणि त्या वेळी चांगलं माणूस काय करत असतं, यावरून तो चित्रपट चांगुलपणा कशाला समजतो ते कळतं. जवळजवळ शंभर वर्षांचा हा पसारा त्या टोकाकडून पाहिला, तर नेहमीच्या तक्रारीपेक्षा वेगळीच तक्रार हाती येते.

आधी मूळ गोष्टी. ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली आणि मग कायमची सावत्रच राहिली. मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटलहाइम यांनी १९७६ साली ‘द यूजेस ऑफ एन्चांटमेंट’ या पुस्तकात असल्या विभागणीला मुलाच्या मनाची सोय म्हटलं. कुशीत घेणारी आई आणि डोळे वटारणारी आई ही एकच बाई आहे हे लहानग्याला पेलत नाही, गोष्ट तिच्या दोन बायका करून देते. मुलांना ठळक, बिनमिसळीचे सुष्ट-दुष्टच लागतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते निम्मं पटतं. बेटलहाइम बोलत होते ऐकायच्या गोष्टीबद्दल. ऐकताना दुष्ट राणीला नाकडोळे नसतात, ते प्रत्येक पोर आपल्या ओळखीपाळखीतून लावतं. सिनेमा नाक लावूनच देतो, आणि मग लॉस एंजेलिसपासून लातूरपर्यंत सगळ्या पोरांच्या राणीला तेच नाक असतं.

ग्रिमांच्या गोष्टीत राणीचा शेवट हिमगौरीच्या लग्नात होतो. आमंत्रण येतं, राहवत नाही म्हणून ती जाते, तिथे निखाऱ्यांवर लाल केलेले लोखंडी जोडे तिच्यापुढे आणून ठेवतात, आणि ते पायांत घालून ती मरेपर्यंत नाचते. भर लग्नात! सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. सिंड्रेलाच्या बाबतीत दोन परंपरा आहेत. फ्रान्समधल्या शार्ल पेरोच्या १६९७ च्या कथेत ती दोन्ही बहिणींना क्षमा करते, वर दरबारातले नवरेही पाहून देते. ग्रिमांच्या १८१९ च्या आवृत्तीत कबुतरं त्या बहिणींचे डोळे फोडतात. आपल्या श्रावणातल्या शिवामुठीच्या कहाणीतली नावडती सून याच घराण्यातली म्हणायला हवी. उष्टं खायचं, जाडंभरडं नेसायचं, गोठ्यात राहायचं. तिथे मात्र सासरच्यांना ना शिक्षा होते ना त्यांना माफीचं प्रमाणपत्र मिळतं, त्यांचं मनच पालटतं. शिक्षा असो, क्षमा असो की मनपालट, या सगळ्या जुन्या गोष्टींत एक गोष्ट सारखी आहे. छळ सोसलेली बाई निवाड्याच्या वेळी तिथे हजर असते.

डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटात ती हजर नाही. बुटके चेटकिणीचा पाठलाग करत कड्यापर्यंत जातात, ती त्यांच्यावर धोंडा ढकलायला बघते, आभाळातून वीज पडते, कडा तुटतो, ती खाली जाते, तिच्यामागून धोंडा जातो. दोन गिधाडं घिरट्या घालत संथपणे उतरतात. या वेळी हिमगौरी विषाच्या गुंगीत निपचित पडलेली आहे. पुढे ती उठते, घोड्यावर बसते, राजपुत्राबरोबर निघून जाते. राणी मेली हे तिला कुणी सांगितल्याचंही दिसत नाही.

हा कडा पुढे स्टुडिओच्या घरचाच झाला. ‘स्लीपिंग ब्यूटी’तली (१९५९) दुष्ट मॅलेफिसन्ट काळ्या ड्रॅगनच्या रूपात राजपुत्र फिलिपसमोर उभी राहते. तो तलवार फेकतो खरा, पण ती तलवार पऱ्यांनी दिलेली, फेकण्याआधी त्यांनीच मंतरलेली, आणि शेवटी ती पडते कड्यावरूनच. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये (१९९१) प्राणिरूपातला नायक खलनायक गॅस्टनला पकडतो आणि जीवदान देतो. गॅस्टन त्याच्या पाठीत सुरा खुपसतो आणि लगेच पाय निसटून किल्ल्यावरून खाली. ‘टँगल्ड’मध्ये (२०१०) रापुन्झेलला मनोऱ्यात कोंडणारी गोथेल खिडकीतून पडते. तिच्या पायात केसांचा फास येतो तो एका पाळीव सरड्यानं दोर ताणल्यामुळे. म्हणजे ज्या बाईनं अठरा वर्षं एका मुलीचं आयुष्य खाल्लं तिचा निकाल लावायचं काम अखेर सरड्याच्या वाट्याला! आणि तेवढ्यावर न थांबता रापुन्झेल हात पुढे करून तिला सावरू पाहते, म्हणजे नायिकेच्या नावावर दयाही जमा.

पडणं फार सोयीचं असतं. पडणाऱ्याला कुणी मारलेलं नसतं, वाचवणाऱ्याला वाचवायचा वेळ मिळालेला नसतो. प्रेक्षकाला सुडाचं समाधान मिळतं आणि नायिकेच्या अंगावर शिंतोडा उडत नाही. ग्रिमांचे तापलेले जोडे रानटी होते हे कबूल. पण त्यांत दुष्टाचं काय करायचं हा प्रश्न माणसांपुढे होता आणि माणसांनीच त्याचं बरंवाईट उत्तर दिलं होतं. इथे ते काम वीज, वारा आणि गुरुत्वाकर्षण यांच्यावर सोपवलं गेलं. मग चांगल्या माणसाकडे उरलं काय? गाणं म्हणणं, पाखरांशी बोलणं, वाट पाहणं आणि झोपणं. माझी तक्रार ही आहे. या चित्रपटांनी दुष्टांना कुरूप केलं त्याहून चांगल्यांना बिनकामाचं केलं, हे जास्त नुकसानीचं.

याला कारागिरीचीही एक बाजू आहे आणि ती सहसा कुणी ध्यानात घेत नाही. देखणा चेहरा काढणं ॲनिमेटरच्या जिवावर येतं. रेघ केसभर सरकली तरी तो चेहरा बिघडतो, आणि सेकंदाला चोवीस चौकटींच्या हिशेबानं तो बिघडू न देता हलवायचा असतो. हिमगौरीसाठी मार्ज बेल्चर या नर्तिकेला नाचवून, तिचं चित्रीकरण करून त्या आधारानं हालचाली काढल्या गेल्या. नायिका खऱ्या माणसाच्या मापाला बांधलेली राहते. दुष्टाला असलं बंधन नाही. त्याची हनुवटी हवी तितकी लांबवा, भुवया शिंगांपर्यंत न्या, झग्याच्या ज्वाळा करा. चांगल्या कारागिराला कुठे मोकळं वाटणार हे उघड आहे. ‘स्लीपिंग ब्यूटी’त राजकन्या अरोरा आणि मॅलेफिसन्ट दोघींची जबाबदारी एकाच माणसाकडे होती, मार्क डेव्हिसकडे. एकाच हातातून उतरलेल्या या दोघींपैकी लोकांच्या लक्षात कोण राहिलं ते सांगायला नको. सव्वा तासाच्या त्या चित्रपटात अरोरा पडद्यावर वीस मिनिटांच्या आतच दिसते, आणि झोपेतून उठल्यावर एक शब्द बोलत नाही. मॅलेफिसन्ट फारशी हलत नाही, ओरडत नाही, सावकाश हसून बोलते आणि अख्खा राजवाडा गार पडतो. काळा झगा, आतून जांभळं अस्तर, भोवती हिरवा जाळ. पुढच्या अर्धशतकातल्या दुष्टांचं रंगपेटीतलं खानदान तिथून सुरू झालं.

मॅलेफिसन्टच्या रागाचं कारण काय, तर बारशाला बोलावलं नाही. आपल्याकडे ज्यानं दोन-चार लग्नं जवळून पाहिली आहेत त्याला हे कारण क्षुल्लक वाटणार नाही. मानपानावरून पिढ्यान्‌पिढ्या तोंडं फिरलेली घरं कुठल्याही तालुक्यात सापडतील. मूळ गोष्टींत तर हा अपमान आणखी नेमका आहे. ग्रिमांच्या राजाकडे सोन्याची ताटं बारा, आणि राज्यात जाणत्या बायका तेरा. पेरोच्या कथेतली म्हातारी परी पन्नास वर्षं मनोऱ्याबाहेर पडलेली नसते, लोक तिला मेलेलीच समजतात. दुष्टपणामागचं कारण सांगणं हा एकविसाव्या शतकाचा शोध आहे असं समजणाऱ्यांनी ते तेरावं ताट आठवावं.

जादू नसलेली दुष्ट बाई याच स्टुडिओनं एकदाच इतकी अचूक उभी केली. ‘सिंड्रेला’तली (१९५०) सावत्र आई, लेडी ट्रिमेन. फ्रँक थॉमसनं रेखाटलेली, आणि आवाज एलिनॉर ऑडलीचा, जिनं पुढे मॅलेफिसन्टलाही आवाज दिला. राजवाड्यातून हुकूम आलेला असतो, काचेचा बूट जिच्या पायात बसेल ती राणी. सिंड्रेला भान हरपून रात्रीच्या नाचाची धून गुणगुणत जिना चढते. सावत्र आई ती धून ऐकते, थबकते, डोळे बारीक करते. काही बोलत नाही. मागोमाग जिना चढते. वर सिंड्रेला आरशात बघून केस विंचरते आहे, आणि त्याच आरशात तिला मागे दार बंद होताना दिसतं. किल्ली फिरते. बस, एवढंच. ना शाप, ना धूर. घरातल्या परक्या पोरीला घरातच कसं कोंडतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा प्रसंग परीकथा वाटत नाही. या बाईला कड्याचीही गरज पडली नाही. बूट फोडून ती शेवटचा डाव खेळते, सिंड्रेला खिशातून दुसरा काढते, आणि ट्रिमेनचा चेहरा पाहून आपण तिला तिथेच सोडून पुढे जातो. माझ्या लेखी डिस्नेच्या जुन्या शेवटांतला हा सगळ्यांत प्रामाणिक.

वयाचा मुद्दाही इथेच येतो. या जगात तरुण मुलगी चांगली, गोलमटोल विसरभोळी आजी चांगली, आणि मधली, जिच्या हातात घर किंवा राज्य आहे ती बाई संशयित. भोपळ्यात बसून वाघाला चुकवणाऱ्या म्हातारीवर वाढलेल्या मराठी पोराला खरं तर हे नवल वाटायला हवं. आमच्या गोष्टीत म्हातारी म्हणजे अक्कल. तिथे म्हातारी म्हणजे सफरचंद.

१९८९ च्या ‘द लिट्ल मर्मेड’नं स्टुडिओला नवं आयुष्य दिलं, आणि दुष्टांना गाणी दिली. समुद्रचेटकीण अर्सुला हिची ठेवण डिव्हाइन या स्त्रीवेष करणाऱ्या अमेरिकी नटावरून उचललेली होती. जाडी, भडक रंगरंगोटी, झोकात हात नाचवणं. पोरांना ती भयंकर आवडली, नायिकेपेक्षा जास्त. पण या चित्रपटात काय हरवलं ते पाहायला हान्स ख्रिश्चन अँडरसनची १८३७ ची कथा उघडावी लागते. अँडरसनची समुद्रचेटकीण दुष्ट नाहीच. ती रोखठोक व्यापारी आहे. किंमत सांगते, परिणाम सांगते, वर तू मूर्खपणा करते आहेस असंही बजावते. कथेतली खरी घडी शेवटी येते. राजपुत्रानं दुसरीशी लग्न केलंय, पहाट झाली की जलपरी मरणार. तिच्या बहिणी आपले केस देऊन चेटकिणीकडून एक सुरी आणतात. ही सुरी राजपुत्राच्या काळजात घाल म्हणजे तू वाचशील. जलपरी सुरी घेऊन त्याच्या बिछान्यापाशी जाते, झोपलेल्या दोघांकडे बघते आणि सुरी समुद्रात फेकून देते. वाईट करण्याची संधी, साधन, कारण सगळं हातात असताना नाही म्हणणं, याला चांगुलपणा म्हणतात. चित्रपटात सुरी नाही. तिथे अर्सुला डोंगराएवढी होते आणि राजपुत्र मोडक्या जहाजाचं टोक तिच्या पोटात घुसवतो. जलपरी ॲरिअल त्या वेळी भोवऱ्याच्या तळाशी अडकलेली आहे. शेवट गोड झाला, आणि नायिकेच्या हातून तिची एकमेव निवड गेली.

दोनच वर्षांनी आलेला गॅस्टन हा खरा पालट होता. रुंद छाती, हनुवटीला खळगी, गावभरच्या पोरी त्याच्यावर जीव टाकतात. दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात तो राजपुत्र शोभला असता. मूळ फ्रेंच कथेत असं पात्र नाही. १९४६ च्या झाँ कॉक्तोच्या चित्रपटात नायिका बेलवर डोळा ठेवणारा एक देखणा गावकरी होता, गॅस्टनची वंशावळ तिथे लागते. सुंदर म्हणजे चांगला हे समीकरण इथे उलटं केलं गेलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावाला सामील करून घेतलं गेलं. मशाली, कोयते घेऊन किल्ल्यावर चालून जाणारे ते नेहमीचेच खाटीक-न्हावी आहेत. दुष्टपणा एका बाईच्या तळघरातून बाहेर पडून बाजारात आला. पुढे पुन्हा कडा आलाच, पण तोवर चित्रपट चांगलं काम करून गेला होता.

याच काळातला ‘अल्लादीन’ (१९९२) मात्र मागे गेला. त्यातला दुष्ट जाफर उंच, काळसर, घारीच्या नाकाचा. बाजारातले दुकानदार आणि पहारेकरी जड परक्या हेलात बोलणारे. आणि अल्लादीन व जास्मिन अमेरिकी शाळेतून नुकतेच सुटल्यासारखे बोलतात. सगळे एकाच शहराचे रहिवासी! अमेरिकेतल्या अरब संघटनेनं सुरुवातीच्या गाण्यातल्या कान कापण्याच्या ओळीला हरकत घेतली आणि १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत ती बदलली गेली. चेहरे आणि हेल तसेच राहिले. गंमत अशी की अल्लादीनची गोष्ट अँत्वान गालाँ या फ्रेंच अनुवादकाला १७०९ साली पॅरिसमध्ये सांगितली ती अलेप्पोच्या हन्ना दियाब नावाच्या तरुणानं, आणि त्या कथेत अल्लादीन चीनमधला आहे.

‘श्रेक’नं (२००१) या सगळ्याची टर उडवली आणि उत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं पहिलंच ऑस्कर नेलं. राक्षस नायक, राजकन्या शेवटी राक्षसीणच राहते, परीकथेतल्या पात्रांची धरपकड करणारा सरदार खलनायक. छान. पण दिसण्यावर जाऊ नका असं सांगणारा हा चित्रपट त्या सरदाराच्या बुटकेपणावर दर दहा मिनिटांनी विनोद करतो. उपदेश एकीकडे आणि टाळी दुसरीकडे.

नंतरच्या दशकात खलनायकच लाजू लागला. ‘फ्रोझन’ची (२०१३) एल्सा आधी दुष्ट म्हणूनच लिहिली जात होती. तिच्यासाठी एक मोठं गाणं तयार झालं, ते ऐकल्यावर ही बाई दुष्ट असूच शकत नाही असं करणाऱ्यांनाच वाटलं आणि कथा नव्यानं रचली गेली. दुष्टाची जागा रिकामी झाली, ती हान्स नावाच्या गोडबोल्या राजपुत्राला दिली गेली. तो दोन तृतीयांश चित्रपट सभ्य असतो आणि एका दृश्यात मुखवटा काढतो. ही युक्ती पुढे इतक्या चित्रपटांत वापरली गेली की सगळ्यांत प्रेमळ पात्र कोण हे पाहिलं की गुन्हेगार सापडतो, हे आता आठ वर्षांचं पोरही सांगेल. असल्या दुष्टात मला रस वाटत नाही. त्याच्याकडे स्वभाव नसतो, फक्त गौप्यस्फोट असतो. ‘फ्रोझन’चं खरं काम एल्साची बहीण ॲना हिच्या शेवटच्या पावलांत आहे. तिला वाचवू शकणारा माणूस समोरून धावत येतोय, बाजूला बहिणीवर तलवार उगारलेली आहे, आणि ती तलवारीकडे वळते. जलपरीच्या हातून गेलेली निवड एवढ्या वर्षांनी अँडरसनच्याच दुसऱ्या कथेच्या नावाखाली एका नायिकेला परत मिळाली, असं म्हणायला हरकत नाही. बाकी अँडरसनच्या ‘स्नो क्वीन’शी या चित्रपटाचं नातं नावापुरतंच. त्या कथेत नायिका गेर्डा महालात पोचते तेव्हा हिमराणी घरीच नसते, उष्ण देशांकडे फेरफटका मारायला गेलेली असते!

पुढे ‘मोआना’त राक्षसीण म्हणजे काळीज हरवलेली देवी निघाली. ‘एन्कान्टो’त (२०२१) दुष्टच नाही, घरातली जुनी भीती आहे. प्रत्येक दुष्टामागे जखम शोधायची ही सवय इतकी बळावली की २०२२ च्या ‘पुस इन बूट्स: द लास्ट विश’नं तिचीच खिल्ली उडवली. जॅक हॉर्नर हा त्यातला दुष्ट सरळ सांगतो की आपल्याला आईबाप होते, पैसा होता, काही कमी नव्हतं. त्याच्या खांद्यावर बसलेला सद्सद्विवेकी किडा त्याला सुधारायला आलेला असतो. अखेर तोही हात टेकतो.

अमेरिकेबाहेर हा प्रश्न आधीपासूनच वेगळ्या वाटेनं सोडवला जात होता. लोटे रायनिगर या जर्मन बाईंनी काळा पुठ्ठा कात्रीनं कापून ‘प्रिन्स आखमेद’ केला तो १९२६ साली, हिमगौरीच्या अकरा वर्षं आधी. त्यात सगळेच काळे, नायकही आणि जादूगारही, कारण सगळ्याच सावल्या. चांगलंवाईट कळायचं ते बाह्यरेषेवरून आणि चालण्यावरून. आणि त्यातली ज्वालामुखीवरची बेढब चेटकीण नायकाच्या बाजूनं लढते. पहिल्या उपलब्ध पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटात चेटकीण चांगली होती, हे आपण पुढे साफ विसरलो. रशियात लेव्ह आतामानोव्ह यांनी १९५७ मध्ये ‘स्नो क्वीन’ केला. त्यातली हिमराणी कुठूनही पडत नाही, तिला निघून जा म्हणायचं धाडस एक मुलगी करते. तो पाहून भारावलेल्यांत जपानचा एक तरुण होता, हायाओ मियाझाकी.

मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’त (२००१) स्नानगृहाची मालकीण युबाबा लोभी, खेकसणारी, नोकरांची नावं चोरणारी. पण काम मागेल त्याला काम द्यायचं हा शब्द ती मोडत नाही, आणि स्वतःच्या राक्षसी बाळापुढे तिचं काही चालत नाही. तिची जुळी बहीण झेनिबा हुबेहूब त्याच नाकाची, आणि मायाळू. एकच चेहरा दोघींना देऊन मियाझाकींनी चेहरे वाचायची आपली सवयच काढून घेतली. शेवटी नायिका चिहिरो युबाबाचे आभार मानून निघते. कुणाला शिक्षा नाही. ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मध्ये (२००४) तर ज्या चेटकिणीनं नायिका सोफीला नव्वदीची म्हातारी केलं, तिचीच शक्ती गेल्यावर सोफी तिला घरी ठेवून चमच्यानं भरवते. चेटकीण सुधारलेली नाही, ऐन संकटात हावरटपणा करून ती सगळ्यांना गोत्यात आणते. सोफी तिला तरीही मिठी मारते आणि तिनं बळकावलेलं तिच्याकडून मागून घेते. या चांगुलपणाला कष्ट पडतात. इसाओ ताकाहाता यांच्या ‘प्रिन्सेस कागुया’त (२०१३) मुलीचं आयुष्य कुणी उद्ध्वस्त केलं असेल तर ते तिच्यावर जीव टाकणाऱ्या बापानं, तिला राजकन्या करण्याच्या नादात.

आणि मिशेल ओसेलो यांचा ‘किरिकू आणि काराबा चेटकीण’ (१९९८). ओसेलो फ्रेंच, बालपण गिनीत गेलेलं, कथा पश्चिम आफ्रिकेतल्या लोककथेच्या धाग्यावर विणलेली. गावाचा झरा आटलाय, पुरुष चेटकिणीशी लढायला गेले ते परतले नाहीत, तिनं खाऊन टाकले म्हणतात. वीतभर उंचीचा किरिकू भेटेल त्याला एकच विचारतो, काराबा दुष्ट का आहे? मोठी माणसं वैतागतात. असं कुणी विचारतं का, चेटकीण दुष्टच असते. डोंगरातला आजोबा मात्र उत्तर देतो. पुरुषांनी तिला धरून ठेवून तिच्या पाठीच्या कण्यात विषारी काटा ठोकला. त्या काट्याचीच तिला वेदना आहे आणि त्याच्यातूनच तिची शक्ती. काढायला ती तयार नाही, कारण शक्ती जाईल, आणि काढताना ठोकल्याइतकंच दुखेल. ती माणसंही खात नाही, आणि झऱ्याचं पाणी एक जनावर पीत होतं. म्हणजे गावाला माहीत होतं त्यातलं निम्मं खोटं होतं. पण काराबानं त्या पुरुषांना लाकडी बाहुले करून राबवलं हे खरंच आहे, आणि चित्रपट ते कारणाखाली झाकत नाही. किरिकू तिला गोड बोलत नाही की मारतही नाही. फसवून जवळ आणतो, पाठीवर उडी घेतो आणि दातांनी काटा उपटतो. ती किंचाळते ती रान हादरेल अशी.

बहुतेक चित्रपट इथे थांबले असते. इथे काराबाला गावात नेलं जातं आणि गाव तिला मारायला उठतं. किरिकूनं काटा काढला असेल, पण नवरे आणि मुलं गमावली ती त्या बायकांनी. त्यांच्या वतीनं माफ करण्याचा हक्क त्याला कुणी दिला? तेवढ्यात लांबून ढोल ऐकू येतात, बाहुल्यांची पुन्हा माणसं झालेले पुरुष परत येताना दिसतात, आणि राग ओसरतो. ओसेलोंनी इथे थोडी घाई केली असं मला वाटतं. माणसं परत आली म्हणून गाव शांत झालं. ती परत आली नसती तर त्या बायकांनी काराबाचं काय केलं असतं, हे दाखवायचं त्यांनी टाळलं.